न वाचलेल्या कवितेची बातमी

आमच्या इंग्रजी विभागात कार्यक्रम नंतर होतो, त्याची बातमी आधी होते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटेनासं झालं आहे. हिंदी पेपरवाले भिलाई-दुर्गचं पान लवकर लावतात. दुपार कलायच्या आत मजकूर आणि फोटो पोचला तर उद्या छापून येणार, नाहीतर परवा. आणि परवा कोणी छापत नाही, कारण तोवर दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजचा कार्यक्रम झालेला असतो. आमचे कार्यक्रम मात्र दुपारी, जेवणं झाल्यावर. सकाळी तास असतात आणि प्रमुख पाहुणे रायपूरहून यायचे असतात. तेव्हा उपाय एकच, बातमी सकाळी लिहायची आणि भूतकाळात लिहायची.

फोटोचंही तसंच. आमच्याकडे दीपप्रज्वलन दोनदा होतं. एकदा सकाळी रिकाम्या हॉलमध्ये, आम्ही चार प्राध्यापक आणि हाताशी सापडतील तेवढे विद्यार्थी समईभोवती गोळा होऊन कॅमेऱ्याकडे लक्षच नाही असं दाखवतो तेव्हा. मग समई विझवायची, वाती नीट करायच्या, तेल घालायचं, आणि दुपारी पाहुण्यांच्या हातून पुन्हा. पहिल्या वेळी वाती चटकन पेटतात आणि पाहुण्यांच्या वेळी हमखास रुसतात, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

एवढा आटापिटा कात्रणासाठी. मूल्यांकनाला बाहेरून समिती येते, तिला फाईल दाखवावी लागते. कात्रण असेल तर कार्यक्रम झाला. कात्रण नसेल तर झाला तरी झाला नाही. विभागात आम्ही काय वाचलं, कोणी काय लिहिलं, मुलं कशावर भांडली, यातलं काही त्या फाईलमध्ये नसतं. असतं ते एवढंच, की अमुक तारखेला सभागृह दुमदुमलं.

बातमी लिहायचा मान विभागप्रमुखांचा. शिकवतात इंग्रजी, पण जीव सगळा हिंदीत. ‘सभागार तालियों की गड़गड़ाहट से गूँज उठा’ हे वाक्य त्यांच्या बोटांत बसलेलं आहे. मी एकदा म्हटलं, “सर, अजून खुर्च्या लागल्या नाहीत आणि सभागार गूँजलंसुद्धा?” मोबाईलमधून मान वर न करता ते म्हणाले, “मैडम, गूँजेगा. चिंता मत कीजिए.” माणूस वाईट नाही. आपल्या विद्यार्थ्यांचं नाव पेपरात यावं एवढीच त्यांची हौस, आणि नाव आलं की मुलांचे चेहरे कसे होतात ते मीही पाहिलं आहे. त्यामुळे माझी कुरकुर कुरकुरीपाशीच थांबायची.

त्या वर्षी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक लग्न झालेली मुलगी होती. मुलगी म्हणते, पण तिशीला टेकली होती. माहेर गोंदियाकडचं, सासर इथलंच, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर सहामधलं. सासरे त्या कारखान्यातून, आमच्या बोलण्यात प्लांटमधून, रिटायर झालेले, सगळी नोकरी शिफ्टची. नवरा प्लांटच्याच ऑफिसात, जनरल शिफ्टला, सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं. क्वार्टर आता नवऱ्याच्या नावावर, पण घर सासऱ्यांचं. मीही सेक्टर सहामध्येच वाढले, दोन रस्ते सोडून, त्यामुळे हे घर मला तोंडओळखीनं माहीत होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत सासरे आरतीला अगदी पुढे उभे असत आणि प्रसाद वाटताना कोणाला दोनदा मिळत नाही ना यावर बारीक लक्ष ठेवत.

ती वर्गात हुशार होती, पण आवाज म्हणून नाही. कविता वाचायला उभी केली की ओठ हलायचे आणि तिसऱ्या बाकापर्यंत काही पोचायचं नाही. मला असल्या वाचण्याचा मनापासून राग येतो. इंग्रजी कविता कानाला कळते, नुसत्या डोळ्यांना नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसतो. “अगं, मोठ्यानं वाच, कोणी झोपलंय का इथं?” असं मी तिला एकदा सगळ्यांसमोर म्हटलं. ती हसली. का हसली ते मला नंतर कळलं.

तिला पुढे पीएच.डी. करायची होती. आमच्याकडे संशोधन केंद्र आहे, मी मार्गदर्शक म्हणून घ्यायला तयार होते, प्रवेश परीक्षा ती झोपेतही पास झाली असती. अडलं होतं घरी. सासरे म्हणाले होते, “एम.ए. होऊ दे, मंग पाहू.” ज्यांना मराठी घरं माहीत आहेत त्यांना ‘मंग पाहू’चा अर्थ सांगायला नको. नवरा बापापुढे बोलणाऱ्यातला नव्हता. म्हणजे एम.ए.ची परीक्षा झाली की तिचं शिक्षण संपलं, हे ती धरून चालली होती आणि मीही.

वार्षिक साहित्य-दिनासाठी विद्यार्थ्यांनी स्वतःचं काहीतरी वाचायचं असतं. तिनं मला आधी तिची कविता आणून दाखवली. इंग्रजीत होती, नाव साधंच, ‘दुपार’.

त्या कवितेविषयी सांगायच्या आधी आमच्या सेक्टरच्या दुपारींविषयी सांगायला हवं. ज्या घरी ‘नाईट’ चालू असे, त्या घरी दिवसा आवाज बंद. माणूस रात्रभर भट्टीपाशी उभा राहून सकाळी येतो, दोन घास खातो आणि झोपतो. त्याची झोप मोडली तर पुढच्या रात्री त्याचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून खिडकीला जाड चादर, बेलचं बटण बंद, पोरांना दुसऱ्या ब्लॉकपुढे हाकललेलं. कोणाकडे नाईट चालू आहे हे ब्लॉकमधल्या सगळ्यांना पाठ असे, भाजीवालाही तिथे ओरडत नसे. माझी आई कुकर लावला की त्याच्यापाशी उभी राहायची. शिट्टी सुटणार असं वाटलं की चमच्यानं वजन अलगद उचलून वाफ सोडायची. आमच्या घरी वरण शिजायचं, पण शिट्टी कधी ऐकू यायची नाही.

तिची कविता यावर होती. सासरे रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण घराची नाईट अजून संपलेली नाही. जेवून ते आतल्या खोलीत जातात, दार लोटतात, आणि घर श्वास धरून बसतं. सासू अजून कुकरपाशी चमचा घेऊन उभी असते. सून स्वयंपाकघरात सिलिंडरला टेकून अभ्यास करते आणि मोठ्यानं वाचायच्या कविता नुसत्या ओठांनी वाचते. शेवटी सुनेला वाटतं की, हा माणूस ज्या भट्टीवर होता ती कधीच दुसऱ्याच्या हातात गेली, पण आपण दोघी अजून त्याच्या शिफ्टला आहोत.

विद्यार्थ्यांच्या कविता मी एरवी लाल पेनानं सोलून काढते. हिच्यात एक शब्द बदलावासा वाटला नाही.

“घरी दाखवलीस?” मी विचारलं.

“नाई मॅडम. कोनाले दाखवू? तिथं इंग्लिश कोनाले येत नाई म्हनून तं लिहू शकलो.” आमच्याकडच्या बायकाही घरगुती बोलताना ‘शकलो’, ‘आलो’ म्हणतात. “इथं वाचीन. इथं माह्या घरचं कोनी येत नाई.”

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे समई पेटली, फोटो निघाला, विझली. विभागप्रमुख खिडकीपाशी उभे राहून मोबाईलवर बातमी लिहीत होते. कोण काय सादर करणार ते एकेकाला विचारत होते. तिची पाळी आली.

“आपकी कविता किस पर है?”

“सर, ससुर जी पर.”

ते एकदम खूश झाले. “ससुर जी पर! वाह. आजकल की बहू, और ससुर पर कविता.” तिनं काही बोलायला तोंड उघडलं, पण ते पुढच्या मुलाकडे वळले होते. तिचा आवाज तर तिसऱ्या बाकापर्यंतही जात नव्हता.

दुपारी पाहुणे वेळेवर आले नाहीत. कुम्हारीला हायवेवर ट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती, असा त्यांचा फोन आला. ते स्वतः कवी होते, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते पोचले तेव्हा मुलांचे चहाचे दोन राउंड झाले होते. समई पुन्हा पेटली, म्हणजे बऱ्याच काड्या संपल्यावर पेटली. मग पाहुणे बोलले. उशीर झाला म्हणून थोडक्यात बोलतो म्हणाले, आणि मग आपल्या पाच संग्रहांतल्या प्रत्येकातली एकेक कविता, ती कशी सुचली आणि ऐकून कोण काय म्हणालं, हे सगळं सांगितलं. अहिवाऱ्याच्या मुली बस चुकेल म्हणून वाकून वाकून मागच्या दारानं निघून गेल्या. हॉल अर्धा झाला. शेवटी विभागप्रमुखांनी समयाभावाचं कारण देऊन विद्यार्थ्यांचं वाचन पुढच्या वेळेवर टाकलं आणि आभार मानून मोकळे झाले.

तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, “पुढच्या वेळी वाच.” ती “हो मॅडम” म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं की वाईट वाटलं, ते चेहऱ्यावरून कळेना. दोन्ही असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी पेपर उघडला. समईभोवती आम्ही, मी डोळे मिटलेली. खाली विभागप्रमुखांची खणखणीत हिंदी. पाहुण्यांच्या ओजस्वी वाणीनं सभागार गूँजलं होतंच. त्याखाली तिचं पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, आणि पुढे असं की, तिनं आपल्या पूज्य ससुर जी को समर्पित भावपूर्ण कविता का पाठ किया, जिसे सुनकर श्रोताओं की आँखें नम हो गईं. मी हसले. एकटी बसून चांगली मोठ्यानं हसले. मग पेपर रद्दीत टाकला आणि कामाला लागले.

तिसऱ्या प्रहरी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा रडून सुजलेला. मी घाबरले, म्हटलं घरी काही वेडंवाकडं झालं.

“काय झालं गं?”

“मॅडम, मामाजींनी पेपर वाचला.” तिच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

“मग? रागावले?”

“नाई ना. खूश हायेत. लय खूश हायेत.” आणि ती पुन्हा रडायला लागली.

झालं होतं असं. सासरे सकाळी फिरायला जातात, सेक्टरच्या बागेत त्यांची रिटायर मंडळींची टोळी बसते. तिथे कोणीतरी पेपर पुढे केला. त्यांनी बातमी स्वतः वाचली, मग टोळीला वाचून दाखवली, मग चौकात जाऊन स्टॉलवर उरलेले सगळे पेपर घेऊन आले. गोंदियाच्या बहिणीला फोटो पाठवला, नागपूरच्या साडूला पाठवला. घरी येऊन चहा घेताना सुनेला म्हणाले, “एवढे वर्षं प्लांटात झिजलो, कोनी दोन शब्द नाई लिहिले. तू लिहिले. तू पीएच.डी. कर. मी हावो.” आणि रविवारी टोळीला घरी चहाला बोलावून मोकळे झाले. सून कविता वाचून दाखवणार होती.

मी डोक्याला हात लावला. जी परवानगी वर्षभर मागून मिळाली नव्हती ती एका न वाचलेल्या कवितेवर मिळाली होती. खरं सांगावं तर बातमी खोटी ठरते, सासरे टोळीत तोंडघशी पडतात, आणि जे कॉलेज असं खोटं छापतं तिथं सुनेला पुढे कोण पाठवणार? खरी कविता वाचावी तर ज्याच्यावर आहे तोच समोर बसून ऐकणार. आणि काही केलं नाही तर रविवार येणारच होता.

मी तरातरा विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तो इसमें परेशानी क्या है? चार पंक्तियाँ नई लिख दे. वटवृक्ष, छाया, आशीर्वाद. मैं लिख देता हूँ, लाइए.” त्यावर मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही, हिंदीत बोलले आणि बरंच बोलले. पण बाहेर येऊन तिला मी तेच सांगितलं. “गोड कविता लिही, वाच, प्रवेश घे. बाकीचं पीएच.डी. झाल्यावर बघू.” माझा हा सल्ला मला अजूनही चुकीचा वाटत नाही. एका कवितेपायी माणसानं आपली पुढची वर्षं पणाला लावू नयेत. कविता पुन्हा लिहिता येते.

तिनं मान हलवली. शनिवारी तिनं नवी कविता दाखवली, हिंदीतली. वटवृक्ष होता. छायाही होती. मी “छान” म्हटलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

रविवारी मलाही बोलावणं होतं. मी गेले, कारण न जाणं बरं दिसलं नसतं, आणि खरं म्हणजे मला राहवलं नसतं. पुढच्या खोलीत शेजारच्या खुर्च्या आणून लावल्या होत्या. नवरा त्या पुसत होता. टोळीतले तिघं आले होते, एक केरळचे, एक आंध्रातले, एक इथलेच छत्तीसगढी. सगळे एकाच खात्यातले, भट्टीवरचे. आयुष्यभर मशिनांच्या आवाजात बोलल्यामुळे सगळेच जरा ओरडून बोलत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभ्या होत्या. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घडी केलेला पेपर मांडीवर ठेवला होता.

चिवडा-चहा झाल्यावर ती उभी राहिली आणि वाचायला लागली. वटवृक्ष झाला, छाया झाली. आवाज तोच, ओठांतला. दुसरं कडवं संपलं तेव्हा आंध्रातल्या काकांनी बशी खाली ठेवली. “बेटी, अच्छा है. लेकिन इसमें रोने का क्या है? पेपर में तो लिखा है सब रोए.”

सासऱ्यांनाही ते लागलं असावं. मांडीवरचा पेपर त्यांनी उघडून पाहिला, जणू त्यात कविता छापली होती. मग म्हणाले, “हे नाई. तिथं जे वाचलं ते वाच.”

मी तिच्याकडे पाहून मान बारीकशी हलवली, हेच वाचलं होतं म्हण. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“मामाजी, तिथं म्या काहीच नाई वाचलं. पाहुने लेट आले. आमचा नंबरच नाई लागला.”

“मंग हे छापलं कावून?”

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय करणार? आमच्याकडे बातमी सकाळीच लिहितात, हे मी त्यांना हिंदीत समजावून सांगितलं. सांगताना मला पहिल्यांदाच ते जसं आहे तसं ऐकू आलं. छत्तीसगढी काका म्हणाले, “मतलब माल निकला नहीं और रजिस्टर में चढ़ा दिया?” केरळचे काका गंभीरपणे म्हणाले, “हमारे यहाँ चार्जशीट मिलता था इसका.” मी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता.

सासरे पेपरकडे पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला त्यांची फार दया आली. गणपतीत प्रसाद मोजून देणारा हा माणूस, त्यानं चौकातला अख्खा गठ्ठा उचलून आणला होता.

“मंग माह्यावर कविता हाय का नाई?” त्यांनी विचारलं.

“हाय.”

“वाच.”

“मामाजी, ते चांगली नाई.”

“चांगली नाई म्हंजे? लिहिली वाईट, का मी वाईट?”

“तुमी नाई,” ती म्हणाली. “आपल्या घरची दुपार.”

तिनं आत जाऊन पर्स आणली, कागद काढला. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग तीच हिंदीत सांगायची, कुठे हिंदी शब्द सापडला नाही तर मराठीत, असं तिनं सुरू केलं. चमच्यानं वाफ सोडायची ओळ आली तेव्हा छत्तीसगढी काका “हौ” म्हणून हसले आणि लगेच गप्प झाले. त्यांच्याही घरी तसंच असणार. सिलिंडरला टेकून केलेला अभ्यास आला, ओठांनी वाचणं आलं. शेवटची ओळ तिनं मराठीतच सांगितली, सासऱ्यांकडे बघून. भट्टी दुसऱ्याच्या हातात गेली, पण आम्ही दोघी अजून तुमच्या शिफ्टले हावो. तिचा आवाज त्या दिवशी मोठा होता असं मी म्हणणार नाही. पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

मी मनात म्हटलं, गेली पीएच.डी.

सासऱ्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “मी झोपतच नाई.”

“काय?” सासूबाई दारातून म्हणाल्या.

“रिटायर झालो तवापासून दुपारी झोप येत नाई मले. पडून राहतो.”

“मंग उठाचं ना. बाहेर याचं. कोनं धरून ठेवलं होतं?”

“तुमचा काई आवाजच येत नाई ना. मले वाटे तुमी दोघी झोपल्या. दिवसभर काम करता, म्हनलं नाई उठवाव. पंखा पाहत पडतो.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसताहेत की रडताहेत ते मला दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते. माझे वडील याच प्लांटमध्ये होते, इथून दोन रस्ते पलीकडच्या क्वार्टरमध्ये दिवसा झोपत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या चादर लावलेल्या अंधाऱ्या खोलीत त्यांना खरंच झोप लागत होती का, हे आता कोणाला विचारू?

टोळी लवकर उठली. जाताना केरळच्या काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मीही पर्स उचलली. नवरा खुर्च्या एकात एक घालत होता, त्याला तेवढंच सुचत होतं. सासरे जागचे हलले नव्हते.

ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “मामाजी, नाराज झाले का तुमी?”

“झालो,” ते म्हणाले. “पाच लोकाईत माह्या घराचं असं सांगतलं. नाराज नाई होऊ तं काय करू?”

ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं मध्ये पडावं, मी तोंड उघडलंही.

“तुमी थांबा मॅडम,” ते म्हणाले आणि मग सुनेला, “मी नाराज हावो ते वेगळं. तुही पीएच.डी. वेगळी. नाराजीचा आन तिचा काय संबंध? ते परीक्षा कवा हाय ते सांग.”

ते खरोखरच नाराज राहिले. सुनेशी कामापुरतं बोलत, तेही सासूबाईंना मध्ये घालून. ती मला विभागात येऊन सांगायची आणि मी तिला म्हणायचे, राहू दे, म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो. प्रवेश परीक्षेच्या दिवशी नवऱ्याला सुटी मिळाली नाही. सासऱ्यांनी स्कूटर बाहेर काढली आणि सुरू करून फाटकाशी थांबले. ती मागे बसली. रस्ताभर एक शब्द नाही. केंद्रावर तिला उतरवलं आणि मान दुसरीकडे वळवून ते तिथेच उभे राहिले. पेपर संपवून ती बाहेर आली तेव्हा टळटळीत दुपार होती आणि सासरे स्कूटर झाडाखाली लावून सीटवरच बसलेले होते. घरी गेलेच नव्हते. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं नाही, कारण ते अजून नाराज होते.